गॉसमीटरचा हॉल प्रोब बदलायचाय, नवीन जोडून लगेच वापरला तर चालेल का?

रोटर_आणि_वाइंडिंग:
आमच्याकडे टेबलवर ठेवायचा गॉसमीटर (चुंबकीय फील्ड मोजायचं यंत्र) आहे, त्याला चपटा ट्रान्सव्हर्स प्रोब, म्हणजे टोकाच्या चपट्या बाजूला काटकोनात असलेलं फील्ड मोजणारा; टोकात हॉल सेन्सर, जो फील्डप्रमाणे व्होल्टेज देतो. मोटरच्या रोटरवरचे मॅग्नेट तपासायला रोज लागतो. हल्ली रीडिंग उड्या मारतंय, प्रोब झीरो चेंबरमध्ये (बाहेरचं फील्ड अडवणाऱ्या डबीत) घातला तरी कधी 0 तर कधी एकदम ओव्हरलोड, केबल जरा हलली की आकडा पळालाच. टोकावरचं कोटिंग पण निघालंय, आतली पांढरी सिरॅमिक पट्टी दिसतेय. त्याच मॉडेलचा नवीन प्रोब आलाय, सोबतच्या कागदावर सेन्सिटिव्हिटीचा (ठरावीक फील्डला सेन्सर किती व्होल्टेज देतो त्याचा) आकडा छापलाय. नुसता जोडला की झालं, का अजून काही करावं लागतं? आणि जुना दुरुस्त होईल का? हा प्रोब चार-पाच जण हाताळतात, तेव्हा नवीन टिकवायचा कसा तेही सांगा.

लॅबवाला:
आधी जुना नेमका कुठे गेलाय ते बघा. टोक झीरो चेंबरमध्ये स्थिर ठेवा आणि फक्त केबल हलवा, मग फक्त हँडलपाशी हलवा, मग कनेक्टरपाशी. हॉल सेन्सरला चार बारीक वायरी असतात, दोन करंट द्यायला आणि दोन व्होल्टेज घ्यायला. करंटची तुटली तर फील्डमध्ये नेलं तरी आकडा शून्याजवळच राहतो, व्होल्टेजची तुटली तर आकडा भरकटतो. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकाराकडे जातंय. तुटकी जागा कनेक्टरमध्ये असेल तर सोल्डर करून जमतं, पण दांडीच्या आत असेल तर नाद सोडा, त्या वायरी केसासारख्या असतात आणि वर इपॉक्सी भरलेलं असतं. उघडी पडलेली सिरॅमिक सुपरग्लूने झाकू नका, थर जाड झाला की सेन्सर मॅग्नेटपासून लांब जातो आणि रीडिंग कमी येतं.

टेस्ला_टू_गॉस:
नवीन प्रोब जोडताना मीटर बंद ठेवा, ही पहिली गोष्ट. आता आकड्याचं. काही प्रोबच्या कनेक्टरमध्येच मेमरी चिप असते, मीटर त्यातून कॅलिब्रेशन आपोआप वाचतो. तुमच्याकडे कागदावर आकडा आलाय म्हणजे तो बहुतेक मीटरच्या मेनूत हाताने भरावा लागेल, मॅन्युअलमध्ये बघून घ्या. आणि कृपा करून झीरो बरोबर आला म्हणून निर्धास्त राहू नका! सेन्सिटिव्हिटी चुकीची भरली तरी झीरो बरोबरच येतो, फक्त बाकी सगळी रीडिंगं एकाच प्रमाणात चुकतात, त्यामुळे कोणाला शंकासुद्धा येत नाही.
रेफरन्स मॅग्नेट (ज्याचं फील्ड आधीच ठाऊक आहे असा) असेल तर त्यावर तपासा. नसेल तर हेल्महोल्ट्झ कॉइल, म्हणजे त्रिज्येएवढ्या अंतरावर समोरासमोर ठेवलेल्या दोन सारख्या कॉइल, त्याचं गणित साधं आहे, प्रत्येकी 100 वेढ्यांच्या दोन कॉइल, त्रिज्या 15 सेंमी, करंट 1 अँपिअर, की मधोमध साधारण 6 गॉस मिळतात. एवढ्या लहान रेंजमध्ये पृथ्वीचं फील्डच 0.25 ते 0.65 गॉस असतं, म्हणून करंट उलटा करून दोन्ही रीडिंगं घ्या आणि फरकाचं निम्मं करा. अर्थात ही झाली खात्री करून घेणं, टेस्ट रिपोर्टवर आकडे देत असाल तर मीटर आणि नवीन प्रोब दोन्ही एकत्र कॅलिब्रेशनला पाठवायलाच हवेत.

पितळी_शिम:
टिकवण्याबद्दल लिहितो कारण यातच सगळे मार खातात. गॅप किती आहे हे प्रोब घुसवून कधीच बघायचं नाही, आधी पितळेची शिम (पातळ पत्रा) किंवा प्लास्टिकची पट्टी सरकवून बघायची, ती सहज गेली तरच प्रोब. दोन मॅग्नेट समोरासमोर असतील तर मध्ये प्रोबपेक्षा जाड असा ॲल्युमिनियमचा ठोकळा पक्का बसवा, निओडिमियमचे मॅग्नेट एकमेकांवर आदळले की प्रोबचा चुराच होतो. स्टीलचा स्पॅनर, पकड त्या टेबलावर नकोच. जोरदार फील्डने हॉल सेन्सर बिघडत नाही, तो बिघडतो वाकण्याने आणि दाबाने. आणि तुटायच्या आधीच, नुसता ताण आला तरी ऑफसेट (फील्ड नसताना येणारा आकडा) सरकतो, म्हणून दांडी मॅग्नेटवर बोटाने दाबून धरणारा माणूस प्रोबही खराब करतो आणि रीडिंगही.
हातात धरण्यापेक्षा लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा स्टँड करा आणि केबल स्टँडलाच बांधून टाका, म्हणजे कोणी ओढली तरी झटका दांडीपर्यंत जात नाही. कोनही कायम राहतो, 10 अंश तिरका धरला तर रीडिंग दीड टक्का कमी येतं. काम झालं की टोपी लावायची, टोपी घालताना सरळ, तिरकी घुसवायची नाही.

रोटर_आणि_वाइंडिंग:
मनापासून आभार सगळ्यांचे. हँडलपाशी हलवलं की ओव्हरलोड येतोय, म्हणजे दांडीच्या मुळाशीच गेलाय. नवीन जोडून आकडा भरला, रेफरन्स मॅग्नेटवर बरोबर येतंय. पण रोटरवर जुन्या रेकॉर्डपेक्षा सगळे पोल थोडे जास्त दाखवतोय, आणि नॉर्थला मायनस येतंय, हे कशामुळे?

टेस्ला_टू_गॉस:
मायनस म्हणजे प्रोबची दुसरी बाजू मॅग्नेटकडे आहे, उलटा करा आणि स्टँडवर खूण करून ठेवा. जास्त येतंय त्याचं कारण अंतर असावं. रेफरन्स मॅग्नेटच्या गॅपमध्ये फील्ड एकसारखं असतं, तिथे थोडं अंतर बदलून फरक पडत नाही, पण रोटरच्या पृष्ठभागापासून जरा लांब गेलं की फील्ड झपकन उतरतं. मॉडेल तेच असलं तरी सेन्सर दांडीत किती खोल बसलाय यात थोडा फरक असतोच. जुनी पास-फेलची मर्यादा जशीच्या तशी वापरू नका, चांगले ठरलेले काही रोटर नवीन प्रोबने परत मोजा आणि त्यावरून मर्यादा ठरवा.