चर्चा: अ‍ॅलिस इव्हान्सचं म्हणणं इतकी वर्षं लोंबकळत का राहिलं?

विरजण (धागा)

रविवारी भाचा कुठल्याशा गोठ्यातून काचेच्या बाटलीत दूध घेऊन आला आणि तापवू देईना. "मामी, तापवलं की त्यातलं सगळं मरतं." म्हटलं, मरावं म्हणूनच तापवतात रे बाबा! त्यावरून अ‍ॅलिस इव्हान्स आठवली, गाईच्या कच्च्या दुधातून माणसाला ताप येतो असं सांगणारी अमेरिकन जंतुशास्त्रज्ञ.

पेनसिल्व्हेनियातल्या नीथ नावाच्या खेड्यात १८८१ चा जन्म. चार वर्षं शाळेत शिकवलं. कॉर्नेल विद्यापीठात खेड्यातल्या शिक्षकांसाठी निसर्गाभ्यासाचा फुकट वर्ग होता म्हणून गेली, आणि १९०९ मध्ये जंतुशास्त्राची पदवी घेऊनच बाहेर पडली. पुढच्या वर्षी विस्कॉन्सिनची एमएस. पीएचडी न करता शेतीखात्याच्या डेअरी विभागात नोकरी धरली. १९१३ मध्ये ती वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत आली. विस्कॉन्सिनहून येणारा शास्त्रज्ञ ही बाई आहे हे कळल्यावर तिथले साहेब हबकले होते म्हणे.

तिने दोन जंतू शेजारी ठेवून पाहिले. एक डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये माल्टात तापाच्या सैनिकांमध्ये शोधलेला. तो शेळीच्या दुधातून येतो हे पुढे कळलं होतं. दुसरा बँग या गुरांच्या डॉक्टरने १८९७ मध्ये डेन्मार्कमध्ये गाभडलेल्या, म्हणजे गर्भपात झालेल्या, गाईंत शोधलेला. ब्रूसने आपल्या जंतूला गोल म्हटलं, बँगने आपल्या जंतूला दांडीसारखा. म्हणून एक डॉक्टरांच्या पुस्तकात गेला, दुसरा गुरांच्या डॉक्टरांच्या. इव्हान्सला दोघांत फरक करता येईना. मग गाईचं कच्चं दूधही माणसाला आजारी पाडत असेल, असं तिने १९१७ मध्ये जंतुशास्त्रज्ञांच्या सभेत मांडलं. प्रतिसाद थंड. माझं मत सरळ आहे: बाई, त्यात पीएचडी नाही, म्हणून ऐकलं नाही.

काटेकोर

विरजणताई, गोष्ट छान, निष्कर्ष घाईचा. १९१७ मध्ये तिच्याकडे होत्या परीक्षानळ्या. गाईच्या दुधाने आजारी पडलेला एकही माणूस नव्हता. सगळी अमेरिका कच्चं दूध पीत होती, मग ताप कुठाय, हा प्रश्न पुरुषालाही विचारला असता. आणि शंका घेणारा कोण? थिओबाल्ड स्मिथ. गुरांचा टेक्सास ताप गोचिडीमुळे पसरतो हे सहकारी किलबोर्नच्या जोडीने १८९३ मध्ये दाखवणारा. मग १९२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कार्ल मायर या जंतुशास्त्रज्ञाने तिचं म्हणणं उचलून धरलं, १९२४ मध्ये बाल्टिमोरला शेळीशी संबंध नसलेल्या रुग्णात गाईतला जंतू मिळाला, आणि १९२८ मध्ये त्याच जंतुशास्त्रज्ञांच्या संस्थेची ती अध्यक्ष झाली, पहिली स्त्री अध्यक्ष. अकरा वर्षांत अध्यक्षपद मिळालं, याला डावलणं म्हणायचं?

विरजण

शंका वेगळी आणि आकस वेगळा. १९२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या याच रोगावरच्या समितीचं अध्यक्षपद याच स्मिथने नाकारलं, कारण सभासदांत इव्हान्स होती. मायरने दुजोरा देऊन तोवर पाच वर्षं झाली होती. ही कसली शास्त्रीय शंका? आणि जंतूंच्या घराण्याला नाव दिलं ब्रुसेला. ब्रूसचं. जिने दोन घरं एक केली ती नावात कुठेच नाही.

आजोळ

आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षापर्यंत रोज धारोष्ण दूध प्यायचे. गाईच्या सडाखालून थेट पेल्यात, वर फेस. काही झालं नाही. हे सगळं यंत्रं विकणाऱ्यांचं चालतं.

गोठ्यातला

अहो आजोळ, तुम्ही तिच्या काळातल्या दूधवाल्यांचंच बोलताय! पाश्चरीकरणाची यंत्रं बनवणाऱ्यांशी तिचं साटंलोटं आहे, असा आरोप तेव्हाही झाला होता. आजोबांची गाय निरोगी असणार. प्रश्न दुसऱ्या गाईचा असतो.

मी गुरांचा डॉक्टर. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रात्री एका वस्तीवर गेलो. गाय सातव्या महिन्यात गाभडलेली, वार (गर्भाभोवतीचं आवरण) आत अडकलेली. हातमोजे गाडीत संपले होते. खांद्यापर्यंत हात घातला, कोपराजवळ काट्याचा ओरखडा होता. महिन्याभराने ताप सुरू. संध्याकाळी चढायचा, रात्री अंथरूण घामाने ओलं, सकाळी माणूस ठणठणीत. आठ दिवस बरं, की पुन्हा तेच. कंबर अशी धरायची की मोटारसायकलला किक मारवेना. टायफॉइडची औषधं झाली, मलेरियाची झाली. एका डॉक्टरांनी तर "टेन्शन आहे का?" विचारलं. शेवटी मीच म्हटलं, साहेब, ब्रुसेलाची तपासणी करा.

विरजण

गोठ्यातला, अगदी हेच तिच्या बाबतीत झालं! १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तिलाच लागण झाली, आणि पुढे वीसेक वर्षं तो ताप येत-जात राहिला. डॉक्टरांनी निदान केलं न्यूरास्थेनिया, म्हणजे मराठीत मनाचे खेळ. ज्या रोगावर ही जगातली जाणकार, तोच तिला झालाय यावर विश्वास नाही.

काटेकोर

पण गोठ्यातल्यांनाही 'टेन्शन' विचारलंच की. ते तर पुरुष. हा रोगच असा फसवा आहे. १९१७ च्या सभेतल्या लोकांना दोष देताना हेही धरा. स्मिथच्या त्या १९२५ च्या वागण्याची मात्र बाजू घेत नाही, ते क्षुद्रच.

गोठ्यातला

मला आठवड्यात हातमोज्यांचा खोका मिळाला आणि औषधही. तिच्या वेळी प्रतिजैविकं नव्हती, हा मोठा फरक. बाकी गावात चित्र फार बदललं नाही. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात लस टोचायची असते, २०१९ पासून त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तरी गाय गाभडली की लोक वार हातानेच ओढतात, कुत्र्यांना टाकतात. गाभडलेली गाय बाजारात 'गाभण राहते, फक्त एकदा चुकली' म्हणून खपते. दूध तरी आपल्याकडे तापवतात म्हणून निभावतंय. ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ वर पंधरा सेकंद पुरतात, आपण तर उतू जाईपर्यंत ठेवतो.

विरजण

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. १९६६ मध्ये, ८५ व्या वर्षी, म्हातारपणाच्या वैद्यकीय योजनेच्या अर्जात 'मी कम्युनिस्ट नाही' असं लिहून द्यायला सांगितलं, तर हिने नकार दिला. पुढच्या जानेवारीत न्याय खात्याला ती अट घटनाबाह्य असल्याचं मान्य करावं लागलं. ९४ वर्षं जगली.

काटेकोर, एक मान्य: १९१७ मध्ये पुरावा अर्धाच होता. १९२५ मध्ये तो अर्धा राहिला नव्हता.

आजोळ

आजोबांची गाय कधी गाभडली नव्हती, आईला विचारलं. बाकी तुमचं चालू द्या.

विरजण

भाच्याला गोठ्यातल्यांचा प्रतिसाद दाखवला. म्हणे, त्या गोठ्यातल्या सगळ्या गाई तपासलेल्या आहेत. म्हटलं, रिपोर्ट आण. अजून आणलेला नाही. बाटलीतलं दूध तापवलं, साय चांगली जाड आली होती.