संध्याकाळच्या उपासनेत लहान लेकरांना किती मोकळीक द्यावी?

लेकुरवाळी, जुळे सोलापूर

सर्वांना जय ख्रिस्त. आमचा थोरला साडेपाच वर्षांचा आहे आणि धाकटी अडीच वर्षांची. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दिवेलागणीला कौटुंबिक उपासना होते. आधी गीत, मग शास्त्रभाग, त्यानंतर सासऱ्यांची प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून म्हटलेली प्रभूची प्रार्थना, असा अर्ध्या तासाचा परिपाठ आहे. लेकरे बसू लागल्यापासून मात्र त्याचे रूप पार पालटले आहे. धाकटी सासऱ्यांच्या प्रत्येक वाक्यामागे मोठ्याने "आमेन" म्हणते, कारण आमेन झाले की शेंगदाण्याचा लाडू मिळतो, एवढे तिला पक्के कळले आहे.

गेल्या आठवड्यात थोरला "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" या ओळीवर थांबला आणि डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाला, "आई, रोज भाकरच का मागायची? आज चपाती मागू या ना." त्याच्या लेखी भाकर म्हणजे आपली ज्वारीची कडक भाकरी, जी आमच्याकडे आमटीत चुरून खातात आणि जिच्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला, आमचे हे खोकल्याचे निमित्त करून उठले आणि प्रार्थना तेथेच मोडली.

सासऱ्यांचे म्हणणे असे की, देवासमोर बसण्याचे गांभीर्य आत्ताच अंगी लागले नाही तर पुढे लागणार नाही. त्यांचे चुकते असे मला म्हणवत नाही. पण दिवसभराच्या धबडग्यात हाच अर्धा तास मला सर्वांत गोड वाटतो आणि तो धाकाचा होऊ नये, असेही वाटते. आपापल्या घरी आपण काय करता?

रविवारची बाई

ताई, मी रविवार शाळेत सहा वर्षांखालील मुलांचा वर्ग घेते. अर्धा तास या वयाला झेपत नाही. माझ्या वर्गात एक गोष्ट दहा मिनिटांपलीकडे गेली की मुले एकमेकांच्या चपला लपवू लागतात. मोठ्यांची उपासना लेकरे निजल्यावर करावी आणि त्यांच्यासाठी एक गीत, एक गोष्ट आणि एक वचन एवढेच ठेवावे. वचनही तोंडात मावेल असे असावे. "देव प्रीती आहे" हे तीन शब्द अडीच वर्षांची मुलगी सहज म्हणते, आणि "येशू रडला" हे तर दोनच शब्दांचे आहे. माझ्या वर्गातील एका मुलाने त्यावर लगेच विचारले होते, "कोणी मारलं त्याला?" त्या दिवशी ठरवलेला पाठ बाजूला राहिला आणि ज्याच्या मरणावर येशू रडला त्या लाजराच्या घरी आम्ही गोष्टीतून जाऊन आलो.

आपल्या मुलाचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नका. येशूने पाच हजारांना जेवू घातल्याच्या गोष्टीत ज्या मुलाची शिदोरी कामी आली, त्याच्याजवळच्या पाच भाकरी जवाच्या होत्या, असे योहानाने आपल्या शुभवर्तमानात आवर्जून लिहिले आहे. जव हे त्या काळी गरिबाघरचे धान्य होते, जशी आपल्याकडे ज्वारी. ही गोष्ट त्याला सांगून पाहा.

सांगोल्याचे आजोबा

सूनबाई, वरील बाईंशी मी पूर्णपणे सहमत नाही. मोठ्यांची उपासना वेगळी केली तर मोठी माणसे प्रार्थना कशी करतात हे लेकरे पाहणार कोठे? अर्ध्या तासाची पंधरा मिनिटे करा, पण बसा सर्वांनी एकत्र. गीताच्या वेळी थोरल्याच्या हाती झांज द्या. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१ ते १९१९) आपल्या मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंगाची चाल आणली, ती हातपाय बांधून बसण्यासाठी खचितच नव्हे.

धाकाविषयी मात्र अनुभवाचे सांगतो. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना प्रार्थनेत हसला म्हणून मी त्याला सर्वांदेखत चापट मारली. तो पुन्हा कधी हसला नाही. परंतु नंतर कित्येक महिने डोळे मिटण्याआधी तो माझ्या हाताकडे पाहत असे. ते मला आजही आठवते.

आता त्याचीच मुलगी चार वर्षांची आहे. मागे रस्त्यात धनगराचा कळप आडवा आला म्हणून आम्ही थांबलो, तर तिने खिडकीतून ओरडून विचारले, "काका, हरवलेलं एक सापडलं का?" त्या भल्या माणसाला आमच्या घरी आदल्या संध्याकाळी येशूने सांगितलेली हरवलेल्या मेंढराची गोष्ट झाली होती हे काय ठाऊक? त्याने काठी टेकून गंभीरपणे उत्तर दिले, "सापडलं की बाळा, मागनं येतंय लंगडत." आणि खरोखरच एक मेंढरू मागून लंगडत येत होते. घरी जाईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

रात्रपाळीवाला

आम्हा दोघांच्या पाळ्या वेगवेगळ्या असल्याने संध्याकाळ आमच्या हाती नसते. त्यामुळे सकाळी शाळेची रिक्षा येण्यापूर्वी दप्तर पाठीवर घेऊनच दोन मिनिटे प्रार्थना होते आणि ती मुलगाच करतो. आपल्या शहरात नळाला दिवसाआडसुद्धा पाणी येत नाही, हे सर्व जाणतातच. ज्या दिवशी येते त्या दिवशी त्याची आभाराची यादी "नळ आला" येथून सुरू होते आणि शेजारच्या मांजरीपर्यंत जाते. रिक्षावाले मामा आता आमेन होईपर्यंत हॉर्न वाजवत नाहीत.

लेकुरवाळी, जुळे सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. आजोबा, आपला मजकूर मी सासऱ्यांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. पण काल जवाच्या भाकरींची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली. थोरल्याने विचारले, "त्याच्या आईने डब्यात चटणी नव्हती दिली?" सासरे म्हणाले, "दोन मासे होते ना." त्यावर बराच विचार करून त्याने जाहीर केले की मासे असतील तर तोही कडक भाकरी खाईल. त्यामुळे शनिवारी उजनीची मासळी आणावी लागणार आहे. धाकटी अजूनही लाडवावरच आहे.