'खाते काढा' म्हणजे उघडा की पुसा? घरच्या संगणकासाठी मराठी शब्द

प्रश्न : आमच्या घरी विंडोजचा एकच संगणक आहे. आजी, आई-बाबा आणि शाळेतली दोन मुलं, सगळे तोच वापरतात. आता प्रत्येकाला वेगळं अकाउंट द्यायचं ठरलंय आणि कुणी काय करायचं याच्या सूचना मराठीत लिहून संगणकाशेजारी चिकटवायच्या आहेत. पहिला खर्डा असा आहे : "प्रशासकाने प्रमाणित वापरकर्त्याचे खाते काढावे. काम झाल्यावर खाते बंद करावे." आजीला यातून काही अर्थबोध झाला नाही. योग्य शब्द सुचवाल का?

उत्तर : 'खातं' हा शब्द निःशंकपणे ठेवा. बँकेचं खातं, पोस्टाचं खातं, वाण्याकडचं उधारीचं खातं, आठ-अच्या उताऱ्यावरचा खाते क्रमांक, सगळीकडे अर्थ एकच : एका नावापुढे मांडलेला त्या माणसाचा स्वतंत्र हिशेब. संगणकातही तेच असतं. आईच्या खात्यात आईच्या फायली, तिचा डेस्कटॉप, तिच्या आवडीची मांडणी. आजींना हे समजावून सांगावं लागणार नाही.

गोंधळ होतो तो क्रियापदाने. "पोस्टात खातं काढलं" म्हणजे नवीन उघडलं. कर्ज काढणं, सहल काढणं, दुकान काढणं, हे सगळे नव्याने सुरू करण्याचे अर्थ. पण काटा काढणं, डाग काढणं, कामावरून काढणं इथे तेच क्रियापद घालवण्यासाठी येतं. म्हणून पडद्यावर नुसतं 'खाते काढा' लिहिलं तर दोन माणसं दोन उलट गोष्टी समजतील आणि दोघंही बरोबर असतील. इथे चूक महागात पडते. विंडोजमध्ये एखाद्याचं खातं सेटिंग्जमधून पुसलं की त्या खात्यातला डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो हेही जातात. आधी तशी सूचना येते, पण ती वाचायचा धीर सगळ्यांना असतो असं नाही. तेव्हा सुरू करायला 'उघडणे' आणि घालवायला 'पुसून टाकणे' लिहा. या कागदावर 'काढणे' कुठेच नको.

'बंद करणे'ही तसंच. बँकेचं खातं बंद केलं म्हणजे व्यवहार संपला. साइन आउट केल्याने खातं संपत नाही, आपण त्यातून बाहेर पडतो. म्हणून 'खात्यातून बाहेर पडा'. स्विच युजरला, म्हणजे आधीच्याचं खातं चालू ठेवून दुसऱ्याने आपलं उघडण्याला, मात्र 'बाहेर पडणे' लागू नाही, कारण आधीच्या माणसाचे प्रोग्रॅम मागे चालूच राहतात आणि मेमरी अडवून बसतात. त्याला 'दुसऱ्याच्या खात्यात जाणे' पुरे. चहाला उठताना विंडोजची कळ आणि एल दाबलं की होतं ते 'कुलूप लावणे' : काम जिथल्या तिथे राहतं, पासवर्ड दिल्यावर पुन्हा समोर येतं.

'प्रमाणित वापरकर्ता' हा शब्द तर मुळीच घेऊ नका. प्रमाणित म्हणजे कुणीतरी सही-शिक्का देऊन खरं ठरवलेलं. प्रमाणित प्रत म्हणतो तसं. स्टँडर्ड अकाउंटचा इथला आशय 'साधं' एवढाच आहे. 'साधं खातं' लिहा.

सगळ्या संगणकात बदल करण्याचा अधिकार ज्याच्या खात्याला असतो तो ॲडमिनिस्ट्रेटर. पण त्यासाठी 'प्रशासक' ऐकलं की मुदत संपलेली महापालिका किंवा संचालक मंडळ बरखास्त झालेली सहकारी बँक आठवते. घरासाठी शब्द जड आहेच, शिवाय त्यात बाहेरून नेमलेला माणूस असा अर्थ आहे. मराठी विकिपीडियावर या कामाला 'प्रचालक' आणि युजरला 'सदस्य' म्हणतात. तिथे ते चांगले रुळलेत, पण ते तिथल्या समूहाचे शब्द आहेत.

आणखी एक मत : 'कारभारी' का नको? अस्सल शब्द आहे आणि अर्थही नेमका : ज्याच्या हाती घरचा कारभार तो.

उत्तर : शब्द मलाही फार आवडतो. पण अनेक गावांत बायको नवऱ्याला 'कारभारी' म्हणते, त्यामुळे ते खातं आपोआप बाबांच्या नावावर जाईल. बऱ्याच घरांत संगणकाचं सगळं आई किंवा थोरली मुलगी बघते. 'ॲडमिन' हा शब्द व्हॉट्सॲपच्या गटांमुळे आजींच्याही तोंडात आहे, बाई-पुरुष दोघांना चालतो. तोच ठेवा. मात्र ॲडमिनचं खातं रोजच्या कामाला वापरू नका; ॲडमिन जो कुणी असेल त्यालाही स्वतःचं एक साधं खातं हवं.

पासवर्डला 'परवलीचा शब्द' लिहिण्याचा मोह होईल. परवलीचा शब्द पहाऱ्यावरच्या आपल्या सगळ्या माणसांना ठाऊक असतो, त्यावरूनच आपला कोण हे ओळखायचं. घरच्या संगणकावर आपल्याला नेमकं याच्या उलट हवं : ज्याचा त्याला. 'पासवर्ड'च बरा.

प्रश्न : आणि परमिशन? परवानगी, मुभा, अधिकार, संमती, प्रवेश... मुलांनी कोणते प्रोग्रॅम वापरायचे हेही लिहायचं आहे.

उत्तर : हे शब्द एकमेकांच्या जागी टाकू नयेत, कारण संगणक स्वतःच यांत फरक करतो. २००७ साली विंडोज व्हिस्टा लोकांच्या हाती आलं तेव्हापासून, नवीन प्रोग्रॅम बसवताना पडदा अंधारतो आणि मध्ये एक चौकट येते. तुम्ही ॲडमिनच्या खात्यात असाल तर ती सहसा नुसतं 'हो की नाही' विचारते. अधिकार तुमच्याकडे आहेच, फक्त संमती हवी. साध्या खात्यात असाल तर ती ॲडमिनचा पासवर्ड मागते. म्हणजे दुसऱ्याकडे जाऊन परवानगी आणायची. आणि विचारावंच लागत नाही, जसं स्वतःच्या डेस्कटॉपचं चित्र बदलणं, ती मुभा.

'प्रवेश' मात्र जपून. "प्रोग्रॅमला प्रवेश" यात प्रोग्रॅम आत शिरतोय की प्रोग्रॅममध्ये कुणी शिरतंय? मराठीच्या विभक्तीवर भिस्त ठेवा, ती हे काम चोख करते. 'कोणाला' आणि 'कशाची' ही दोन्ही उत्तरं वाक्यात आणा : "मुलांना ब्राउझरची परवानगी आहे." "ब्राउझरला कॅमेऱ्याची परवानगी नाही." ॲक्सेस शब्दाविना दोन्ही अर्थ सुटे झाले.

प्रवेश शोभतो तो लिनक्समध्ये, म्हणजे विंडोजऐवजी संगणकावर घालता येणाऱ्या दुसऱ्या प्रणालीत. तिथे फाइलवर मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी वाचणे, लिहिणे, चालवणे अशा तीन परवानग्या असतात. फोल्डरच्या बाबतीत 'चालवणे'चा अर्थ बदलतो, ती आत जाण्याची परवानगी होते. आत काय काय आहे याची यादी पाहायला 'वाचणे' वेगळं लागतं. पुढे कधी उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) घेतलंत तर हे उपयोगी पडेल. २१.०४ आवृत्तीच्या आधी तिथे एका खात्याच्या होम फोल्डरमधलं (त्या माणसाच्या स्वतःच्या फायली जिथे असतात तिथलं) दुसऱ्या साध्या खात्यातून सहसा वाचता यायचं. त्या आवृत्तीपासून नव्या खात्यांना ते दार बंद झालं.

आता इन्स्टॉल. दुकानातली मुलं म्हणतात, "विंडोज टाकून देतो." त्यांचा अर्थ बसवून देतो असा. घरात "तो जुना गेम टाकून दे" म्हणजे मात्र फेकून दे. पिठाची गिरणी बसवतात, पंखा बसवतात, तसा प्रोग्रॅम 'बसवणे' लिहा. सोबत कुणासाठी तेही लिहा, कारण काही प्रोग्रॅम सगळ्यांसाठी बसतात आणि प्रत्येकाच्या खात्यात दिसतात, तर काही बसवणाऱ्याच्या खात्यापुरतेच राहतात. या दुसऱ्या प्रकाराला बऱ्याचदा ॲडमिनचा पासवर्डही लागत नाही. त्यामुळे "साधं खातं दिलं म्हणजे मुलं काहीच बसवू शकणार नाहीत" असं कागदावर लिहू नका, ते खरं नाही. मुलांसाठी बंधन घालायचंच असेल तर मायक्रोसॉफ्टच्या फॅमिलीच्या सोयीतून घालावं लागेल आणि त्यासाठी मुलाचं मायक्रोसॉफ्टचं खातं लागेल. हे खातं आणि संगणकावरचं खातं या दोन गोष्टी आहेत. तिथे 'मायक्रोसॉफ्टचं खातं' असं पूर्ण नाव दरवेळी लिहा, कंटाळा करू नका.

राहिलं एक वाक्य, 'प्रवेश नाकारला'. कागदावर त्याचा अर्थ द्यायचा असेल तर आजींना आपलंच काहीतरी चुकलं असं वाटू नये. मी असं लिहीन : "हे या खात्यातून होणार नाही. आईला बोलवा."