अनुभव धागा: चिनी-कोरियन प्रेममालिका, काय भावलं आणि काय खटकलं?

कोरियन आणि चिनी प्रेममालिका आता आपल्याकडे सर्रास पाहिल्या जातात, पण त्यांच्याबद्दलचं बोलणं नायक किती देखणा इथे सुरू होतं आणि तिथेच संपतं. मला त्यापुढचं ऐकायचं आहे. एखादी मालिका मनापासून पाहिली असेल तर त्यातला एक तरी प्रसंग सांगा. डोक्यात काय गेलं तेही सांगा. शेवट फोडणार असाल तर आधी सांगा. मोठं लिहा, दोन ओळी लिहा, चालेल; वर फक्त गावाचं नाव टाका.

सुरुवात मीच करते. माझ्या मते या मालिकांची खरी ताकद प्रेमाच्या कबुलीत नाही, तिच्या आधीच्या आठ-दहा भागांत आहे. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' (2019-20) घ्या. दक्षिण कोरियातल्या बड्या घरची से-री पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि थेट सीमेपलीकडे, उत्तर कोरियात जाऊन पडते. तिथला कॅप्टन री तिला आपल्या घरात लपवतो. तिला कॉफीची सवय, आणि त्या खेड्यात कॉफी कुठून येणार? तर हा माणूस कच्च्या बिया मिळवतो, चुलीवरच्या मोठ्या लोखंडी भांड्यात स्वतः भाजतो, बारीक करतो आणि कप तिच्यापुढे ठेवतो. बोलणं मोजकंच. दोघांमध्ये काय चाललंय हे त्यांना कळायच्या आधी आपल्याला कळतं. ते भांडं, तो जाळ, बिया हलवणारा हात हे सगळं दिग्दर्शक निवांत दाखवतो. आपल्याकडे एवढ्या वेळात तीन वेळा वीज कडाडली असती आणि सासूच्या चेहऱ्यावर कॅमेरा फिरला असता.

नागपूर, निवृत्त शिक्षिका

त्याच मालिकेबद्दल. मला नायक-नायिकेपेक्षा गावातल्या बायका जास्त आवडल्या. किमची (कोबीचं तिखट लोणचं) घालायला एकत्र जमणाऱ्या, दिवे गेले तरी गप्पा न थांबवणाऱ्या, कोणाच्या घरी कोण आलं यावर बारीक नजर ठेवणाऱ्या आणि वेळ आली की त्याच बाईच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या. राजधानी प्याँगयांगला जाणारी गाडी वीज गेल्यामुळे माळावर अडकते तो प्रसंग तर फारच छान. लोक चिडत नाहीत. पांघरुणं आणि सरपण विकणारे कुठून तरी धावत येतात, शेकोट्या पेटतात. लेखनाच्या चमूत उत्तर कोरियातून निसटून आलेला एक जण होता असं वाचलं, आणि ते जाणवतं. शत्रूच्या देशातली माणसं इतक्या मायेने रंगवलेली मी क्वचितच पाहिली आहेत. सीमेवरचं राजकारण फारच गुळमुळीत केलंय हा आक्षेप मात्र मान्य.

सातारा

माझ्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. सबटायटल इंग्रजीत, त्यांना वाचता येत नाहीत. म्हणून मी शेजारी बसून मराठीत मोठ्याने सांगत जाते. 'लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल' (2022) आम्ही अशीच संपवली, 36 भाग. मला वाटलं होतं चिनी नावं, उडणारी माणसं, त्यांना काय कळणार. पण त्या माझ्यापुढेच होत्या! स्वर्गातले दरबार, शाप, मर्त्यलोकात जन्म घेऊन भोग भोगणं, हे सगळं त्यांना पाठच आहे. नायक असुरांचा राजा. लहानपणीच बापाने त्याच्या भावना काढून घेतलेल्या, त्यामुळे त्याला ना राग, ना दुःख, ना माया. नायिका फुलझाडांची देखभाल करणारी साधी वनदेवी. मंत्राच्या घोळात दोघं असे बांधले जातात की तिला लागलं की त्याला कळ येते, ती रडली की याच्या छातीत कालवतं. म्हणून सुरुवातीला तो तिला जपतो ते निव्वळ स्वतःच्या स्वार्थासाठी. मग हळूहळू स्वार्थ कुठे संपला ते त्यालाच कळेनासं होतं. सासूबाई म्हणाल्या, "संसार असाच सुरू होतो गं, आधी सोय असते."

त्यांना न पटलेली गोष्ट एकच: नायिका सुरुवातीचे बरेच भाग फार लाडं-लाडं बोलते. ते मलाही पटलं नाही.

बंगळुरू

चिनी मालिकांबद्दल दोन बाबी, नव्याने पाहणाऱ्यांसाठी.

एक, लांबी. कोरियन प्रेममालिका साधारण 16 भागांत आटोपते आणि बहुतेक वेळा एकाच लेखिकेच्या हातची असते, त्यामुळे सूर सांभाळला जातो. चिनी मालिका 'इटर्नल लव्ह' (2017) सारखी 58 भागांची, 'द स्टोरी ऑफ मिंगलान' सारखी 73 भागांचीही असते. 2020 मध्ये तिथल्या सरकारी प्रसारण खात्याने 40 भागांच्या आत राहा, जमल्यास 30 मध्ये संपवा असं बजावलं, तेव्हापासून जरा आवर बसला. तरी मधल्या दहा भागांत पाणी घातलेलं असतंच.

दोन, आवाज. जुन्या काळातल्या पोशाखांच्या मालिकांत बऱ्याचदा नटाच्या तोंडी दुसऱ्याच कलाकाराचा आवाज असतो. एकच आवाज तीन नायकांना ऐकला की रस जातो. माझा तरी जातो.

चिपळूणजवळचं एक गाव

पुरुष आहे, आणि या मालिका आवडीने पाहतो. 'मीट युअरसेल्फ' (2023) बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

बीजिंगच्या मोठ्या हॉटेलात वर्षानुवर्षं राबलेली शू होंगदौ. तिची जिवाभावाची मैत्रीण कर्करोगाने जाते. दोघींनी मिळून युनान प्रांतातल्या दालीला जायचं ठरवलेलं, ते राहूनच गेलेलं. ही नोकरी सोडून एकटी तिकडे जाते आणि एका खेड्यातल्या चौसोपी घरात खोली घेऊन राहते. तिथे तिच्यासारखेच थकलेले चार-पाच जण आहेत. त्यातली एक कादंबऱ्या लिहिणारी मुलगी इतकी बुजरी की खोलीबाहेर पडायचीच नाही. गावातला शे झियाओ बीजिंगची गलेलठ्ठ पगाराची नोकरी टाकून परत आलेला. गावातल्या तरुणांना गावातच काम मिळावं म्हणून धडपडतो. लाकडावरचं कोरीवकाम, बाई लोकांचं भरतकाम, जुनी घरं दुरुस्त करून पाहुण्यांना देणं, असं बरंच काही.

मी पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो आणि घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. त्यामुळे झियाओचा बाप पोरावर का धुमसतोय हे मला कोणी समजावून सांगायला नको. शिकून-सवरून परत आला म्हणजे तिकडे जमलं नाही, हा हिशोब आमच्याकडेही तसाच मांडला जातो. मालिकेत बाप एकदम विरघळत नाही. पोराचं काम बघतो, पुन्हा धुसफुसतो, पुन्हा बघतो. हे फार खरं आहे. प्रेमाचं म्हणाल तर अर्ध्याहून जास्त मालिका होऊन गेली तरी दोघं नुसते चालतायत, जेवतायत, गावातल्या म्हातारीची विचारपूस करतायत. मला त्यात कुठेही कंटाळा आला नाही, कारण दोघांनाही एकमेकांकडून घाई नको होती. दुःखातून सावरणाऱ्या बाईला प्रेमात ढकलायचं नसतं हे लिहिणाऱ्याला कळलेलं आहे.

तक्रारही आहे. गाव फारच स्वच्छ, फारच गोड. पाऊस सुद्धा शहाण्यासारखा पडतो. चीन सरकारच्या ग्रामविकासाच्या धोरणाची जाहिरात मधूनमधून सरळ दिसते. जमिनीचे भाऊबंदकीतले वाद, सातबाऱ्यावरची चौदा नावं, असलं काही तिथे नसेल यावर माझा विश्वास नाही. मालिका गाजल्यावर दालीला पर्यटकांची झुंबड उडाली. चित्रीकरण झालं त्या गावातल्या लोकांना तेव्हा काय वाटलं असेल, याचा विचार मी पाहुणे ठेवणारा माणूस म्हणून बऱ्याचदा करतो.

कोल्हापूर

सगळे कौतुक करताय म्हणून उलट बाजू. श्रीमंत, उर्मट, तिरसट नायक आणि गरीब, फाटक्या तोंडाची नायिका हा प्रकार मला असह्य होतो. 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' (2009) ची मूळ कथा जपानी मांगातली, म्हणजे चित्रकथेतली. तिच्यावर तैवानने 2001 मध्ये, जपानने 2005 मध्ये, कोरियाने 2009 मध्ये आणि चीनने 2018 मध्ये मालिका केली. एवढ्या वेळा करण्यासारखं त्यात काय आहे? नायक शाळेतल्या मुलांना चिथावून एका मुलीचा छळ करवतो आणि पुढे तोच तिचा प्रियकर होतो. मनगट धरून ओढत नेणं म्हणजे प्रेम, हे त्या काळात पाहिलेल्या किती मुलींच्या डोक्यात बसलं असेल. अलीकडच्या मालिकांत हे कमी झालंय, हे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पुणे, मूळची बेळगावची

यजमान सैन्यात, त्यामुळे 2000 नंतरची काही वर्षं आम्ही इंफाळला होतो. तिथे एका सशस्त्र संघटनेने हिंदी सिनेमे बंद पाडले होते. चित्रपटगृहात नाही, केबलवर नाही. ती जागा आरिरांग या कोरियन वाहिनीने घेतली. शेजारची मैतेई मुलगी संध्याकाळी मालिका पाहून दुसऱ्या दिवशी तशीच केशरचना करून यायची. बाजारात कोरियन मालिकांच्या सीडी ढिगाने. आता सगळे म्हणतात टाळेबंदीत ही लाट आली. मणिपूरमध्ये ती त्याच्या कितीतरी आधी आली होती, आणि मौजेखातर नव्हे, दुसरं काही पाहायलाच नव्हतं म्हणून. तिथेच मला या मालिकांची गोडी लागली, आणि ती मुलगी मला इंग्रजी सबटायटलांच्या पलीकडचं सांगायची. वडीलधाऱ्यांपुढे कसं वाकायचं, जेवताना आधी चमचा कोणी उचलायचा.

शिरूर

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कोरियन कंपनीत दुभाषी आहे. मालिकांत दिसणारं ऑफिस किती खरं, असं मला सतत विचारतात. ज्येष्ठाला दोन्ही हातांनी पेला भरून देणं, त्याच्यासमोर पिताना तोंड बाजूला वळवणं, हे अगदी खरं. म्हणूनच 'समथिंग इन द रेन' (2018) मला महत्त्वाची वाटते. बाहेरून ती प्रेमकथा आहे: पस्तिशीची जिन-आ आणि जिवलग मैत्रिणीचा धाकटा भाऊ. पण आत दुसरीच गोष्ट चाललेली असते. ऑफिसच्या रात्रीच्या जेवणांत वरिष्ठांसाठी मांस भाजत बसणं, दारू ओतणं, लगट सहन करणं, आणि सकाळी काही झालंच नाही असं वागणं. जिच्यावर कोणी मनापासून प्रेम करतं ती बाई हळूहळू हे सगळं नाकारायला लागते. प्रेमाने तिला कणा दिला, हे मालिका भाषण न देता दाखवते. शेवटचे काही भाग आईच्या विरोधात फुकट गेले. त्या आईला मुलीपेक्षा स्थळाची काळजी, आणि ते इतकं ताणलंय की मी पुढे ढकलत पाहिलं.

गिरगाव

'रिप्लाय 1988' ही कोरियन मालिका. जेवायच्या वेळी गल्लीतली पोरं या घरातून त्या घरात वाडगे घेऊन धावत असतात आणि शेवटी प्रत्येकाच्या ताटात सगळ्यांचं थोडं थोडं. चाळीत वाढलेल्याने पाहावीच. नायिका देऊक-सनचा नवरा कोण होणार यावर लोक भांडतात, मला त्याच्याशी घेणं-देणं नव्हतं.

लातूर

(पुढे थोडं कथानक फोडलंय.)

'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' (2025). जेजू बेटावरची एसुन, तिची आई समुद्रात बुड्या मारून शिंपले-कालवं काढणारी हेन्यो. छातीच्या दुखण्याने ती 29 व्या वर्षी जाते. एसुनला शिकायचं असतं, कविता लिहायच्या असतात. ग्वान-सिक लहानपणापासून तिच्या मागे. बाजारात तिची कोबी तो विकतो आणि ती बाजूला पुस्तक वाचत बसते.

लग्नानंतरचा एक प्रसंग सांगते. सासरी पुरुषांचं जेवणाचं मेज वेगळं, बायकांचं वेगळं, आणि चांगलंचुंगलं कुठे जाणार हे ठरलेलं. ग्वान-सिक पुरुषांत बसलेला. तो काही बोलत नाही, वाद घालत नाही. आपला वाडगा हातात घेऊन गर्रकन वळतो आणि मोठ्यांकडे पाठ करून बायकोच्या मेजाकडे तोंड करून जेवायला लागतो. बस.

मी वीसेक माणसांच्या एकत्र कुटुंबात सून म्हणून आले. आधी पुरुषांची पंगत, मग पोरांची, मग आम्ही, तळाची आमटी. माझा नवरा वाईट माणूस नाही. त्याने कधी विचारलं नाही, एवढंच. हा भाग आम्ही दोघांनी शेजारी बसून पाहिला. तो काही बोलला नाही, पण त्याने तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. मला त्याक्षणी त्याचा राग आला नाही आणि माफही करावंसं वाटलं नाही.

पुढे एसुनच्या लेकीलाही हेन्यो करायचं घरात ठरतं, तेव्हा एसुन पूजेचं मांडलेलं मेज उलथून टाकते. माझी मुलगी तीनचाकी सायकलच चालवणार, म्हणते. मी टाळ्या वाजवल्या. ही मालिका प्रेमाची आहेच, पण तीन पिढ्यांतल्या आयांची जास्त आहे. ज्यांना नुसता गोड प्रणय हवा त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

ठाणे

माझी मुलगी नववीत आहे आणि तिने 'हिडन लव्ह' (2023) ही चिनी मालिका पाहिली. म्हणून मीही पाहिली. मुलगी शाळेत, तिचं मन भावाच्या कॉलेजातल्या मित्रावर. तो पाच वर्षांनी मोठा. शाळेत पालकांना बोलावतात तेव्हा ती त्यालाच भाऊ म्हणून घेऊन जाते. गोड आहे, नाकारत नाही. तो तिच्याशी त्या वयात धाकट्या बहिणीसारखाच वागतो आणि प्रेम पुढे ती कॉलेजात गेल्यावरच, हेही पाहिलं. तरीही आई म्हणून पोटात गोळा आला. खऱ्या आयुष्यातली भावाची मित्रमंडळी इतकी सभ्य असतीलच असं नाही, हे मुलीला कसं सांगायचं?

नाशिक, इंजिनिअरिंगला आहे

ठाण्याच्या काकू, मी ती दहावीनंतर पाहिली होती. आम्हाला कळतं हो. आम्हाला त्यात आवडलं ते हे की मुलीच्या मनातलं कोणी हसण्यावारी नेत नाही. पण तुमची काळजी खरी आहे, म्हणून सुचवते: त्याच नायिकेच्या भावाची गोष्ट 'द फर्स्ट फ्रॉस्ट' (2025) मध्ये आहे. त्यातली नायिका टीव्हीवर बातमीदार, झोपेत चालते. लहान वयात नात्यातल्याच घरात तिच्यावर हात टाकायचा प्रयत्न झालेला असतो आणि घरच्यांनी तिचं ऐकलेलं नसतं. नायक तिला खोदून विचारत नाही, ती सांगेपर्यंत थांबतो. तुम्हाला मुलीशी जे बोलायचंय ते सगळं त्यात आहे. एकटीला नका पाहू देऊ, सुट्टीत दोघी मिळून पाहा. काही भाग अंगावर येतात, तेव्हा शेजारी आई असलेली बरी.