अनुभव धागा: खानदेशात बसून अ‍ॅनिमेशन आणि व्हीएफएक्स शिकताना

मागच्या महिन्यात घरी सत्यनारायण होता. पाहुण्यांतल्या एका काकांनी विचारलं, "काय करतो भो सध्या?" म्हटलं, कॉम्पोझिटिंग शिकतोय. "म्हणजे कंपोझिंग? डीटीपी? नवी पेठेत एक जण करतो ना पत्रिका वगैरे." मी हो म्हटलं आणि प्रसाद वाटायला निघून गेलो. (कॉम्पोझिटिंग म्हणजे वेगवेगळी शूट केलेली आणि कॉम्प्युटरवर बनवलेली चित्रं एकावर एक बसवून एकच दृश्य करणं.)

तर जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे जे कुणी हे शिकताय, शिकून कामाला लागलाय किंवा वैतागून सोडलंय, त्यांनी लिहा. फी किती, पगार किती, हे विचारणारे गल्लोगल्ली भेटतात. मला शिकताना कुठे अडलं ते वाचायचंय. सुरुवात मीच करतो.

जळगाव (धागा काढणारा)

पहिला प्रोजेक्ट: मेहरूण तलावावर तरंगत जाणारा आकाशकंदील. तलाव मोबाईलवर शूट केला, कंदील ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवून रेंडर केला, म्हणजे कॉम्प्युटरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. एकावर एक ठेवले तर कंदिलाभोवती काजळाने रेघ ओढावी तशी बारीक काळी किनार. तीन दिवस ती किनार खरवडत होतो. कड आत ढकलली, धूसर केली, शेवटी कंदीलच बारीक झाला. सरांनी मागे उभं राहून एक नोड (कामाची एक पायरी) खोडला आणि किनार गेली.

झालं होतं असं. रेंडर होऊन येतं तेव्हा रंग आधीच अल्फाने (पिक्सेल किती भरीव, किती पारदर्शक हे सांगणारा ० ते १ मधला आकडा) गुणलेला असतो. कडेच्या पिक्सेलचा अल्फा ०.५ असेल तर रंगही निम्माच असतो. मी त्यावर पुन्हा प्रीमल्ट, म्हणजे अल्फाने गुणणारा नोड, लावला होता. निम्म्याचा निम्मा, म्हणजे पाव रंग, म्हणून काळं. आता रंग बदलायचा असेल तर आधी अनप्रीमल्ट, मग ग्रेड, मग परत प्रीमल्ट, हे झोपेतही म्हणतो. ही पद्धत पोर्टर आणि डफ या दोघांनी १९८४ साली एका शोधनिबंधात नीट मांडली. निबंध मिळाला तर वाचा. गुणाकार-बेरीज येणाऱ्याला बराचसा कळतो. आमच्या क्लासमध्ये मात्र "हे बटण दाबा" एवढंच शिकवलं होतं.

यावल तालुका

आमची घरची केळी. शॉर्ट फिल्म ठरली: बागेत काम करणारी बाई अचानक जमिनीवरून वर उचलली जाते. बाई म्हणजे माझी वहिनी, कारण दुसरं कुणी तयार होईना. मांडववाल्याकडून हिरवं कापड आणलं, दोन घडांच्या टेकूंना बांधलं आणि बागेतच शूटिंग केलं. हसू नका. केळीच्या बागेत हिरवा पडदा लावणारा मी पहिलाच नसेन.

घरी येऊन की केलं, म्हणजे चित्रातला हिरवा रंग तेवढा उडवला. कापड गेलं, मागची पानं गेली आणि वहिनीच्या हातातला हिरवा चुडा गेला. दोन्ही मनगटं मोकळी. नेमकी त्याच वेळी आई चहा घेऊन खोलीत आली. स्क्रीनकडे पाहिलं आणि कप तिथेच ठेवून म्हणाली, "हे काय अभद्र चाललंय? आधी तिच्या बांगड्या परत आण." माझा भाऊ जिवंत, धडधाकट, बाहेर ट्रॅक्टर धूत होता, तरी आईने त्याला दोनदा हाक मारून घरात बोलावलं.

बांगड्या परत आणायच्या म्हणजे १४० फ्रेमवर दोन्ही मनगटांचं रोटो, म्हणजे हाताने कड आखून शेप काढणं. बांगडी काचेची. हात हलला की ती गोल फिरते, चमक एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकते, मधूनच दोन एकमेकींवर चढतात. प्रत्येक बांगडीला वेगळा शेप द्यायचा की सगळ्यांना मिळून एक, यातच एक रात्र गेली. शेवटी प्रत्येक हाताला एक मोठा शेप केला, आतल्या फटींना बारीक शेप केले आणि की फ्रेम (जिथे शेपची जागा आपण ठरवून देतो ती फ्रेम) फक्त हाताची दिशा बदलते तिथेच दिल्या. आधी मी प्रत्येक फ्रेमला रेघ हलवत होतो, त्याने कड थरथरायची.

दुसरी भानगड चेहऱ्याची. केळीखाली उजेडच हिरवा असतो, पानातून गाळून येतो. मी डिस्पिल लावला, म्हणजे हिरवा चॅनेल लाल-निळ्याच्या सरासरीच्या वर जाऊ द्यायचा नाही. कापडाची झाक गेली, पण बागेचा खरा उजेडही गेला आणि वहिनी फोटो स्टुडिओत उभी असल्यासारखी गुलाबी दिसायला लागली. मग थोडा हिरवा मुद्दाम परत घातला. हे पुस्तकात सापडलं नाही.

दुसऱ्या वेळी फैजपूरहून निळं सुती कापड आणलं. (निळी ताडपत्री चालेल असं वाटलं होतं. नाही चालत, चमकते.) सगळे हिरवाच का लावतात ते नंतर कळलं: कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निम्मे ठिपके हिरव्याचे असतात, उरलेल्या निम्म्यात लाल आणि निळा, म्हणून हिरवा चॅनेल जास्त स्वच्छ येतो. पण ज्याच्या मागे दहा एकर केळी आहे त्याने निळाच लावावा.

अमळनेर

मी बारा वर्षं लग्नाचं शूटिंग करतो. गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, नवरदेवना मांगे बरफ टाकी दे." मे महिना, पंचेचाळीस डिग्री, नवरदेव घामाने डबडबलेला, आणि मागे बर्फ. आम्ही टाकायचो. कडा फाटल्या की धूसर करायचो, त्यावर चमचम टाकायचो, मोकळे.

क्लास लावला तेव्हा सर माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्यांनी माझंच फुटेज उघडलं आणि फक्त रंगाचा भाग वेगळा करून दाखवला. उजेडाचं चित्र धारदार, रंगाचं चित्र मोठ्या मोठ्या चौकोनांचं, विणलेल्या सतरंजीसारखं. आमचे कॅमेरे चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद ठेवतात, जागा वाचावी म्हणून. डोळ्याला ते कळत नाही, पण रंग उडवणारी की रंगावरच चालते. म्हणून माझ्या नवरदेवांच्या फेट्याला इतकी वर्षं पायऱ्या पडत होत्या. मी कॉम्प्युटरला शिव्या देत होतो.

आता पहिला प्रश्न विचारतो, मूळ सीनमध्ये उजेड कुठून आहे? हॅलोजन डावीकडून मारलेला, नाकाची सावली काळी कुळकुळीत, आणि मागे ढगाळ काश्मीर, हे जमूच शकत नाही. गिऱ्हाइकाला अजून तेच हवं असतं, ती गोष्ट वेगळी.

भुसावळ

थोडक्यात. रेल्वे क्वार्टरच्या गच्चीवरून यार्डाचा शॉट घेतला, ट्रायपॉडवर. त्यात थ्रीडी ड्रोन उडवायचा होता. कॅमेरा स्थिर म्हणून ट्रॅकिंग (शॉटमधला ठिपका फ्रेमगणिक कुठे सरकतो ते टिपणं) केलं नाही. बसवल्यावर ड्रोन आपोआप थरथरायला लागला. नीट पाहिलं तर ड्रोन स्थिर होता, अख्खं भुसावळ थरथरत होतं. खालून मालगाडी गेली होती. सिग्नलच्या खांबाचा एक ठिपका ट्रॅक करून तेवढीच थरथर ड्रोनला दिली आणि तो बसला.

आणखी एक. लाईट जाते. त्यामुळे फाईलला व्ही ००१, व्ही ००२ असे आकडे देत सेव्ह करा. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच" असली नावं देऊ नका. न्यूक या कॉम्पोझिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती १९२० बाय १०८० पर्यंतच रेंडर देते, शिकायला तेवढं पुष्कळ. चोरीचं सॉफ्टवेअर टाकून मी दोनदा हार्ड डिस्क घालवली आहे.

शहादा

मी कॉम्पोझिटिंगची नाही, टूडी अ‍ॅनिमेशनची, पण लिहिते. चित्रातला घोडा चालवायचं असाईनमेंट होतं. सगळ्यांनी नेटवरचा एकच तक्ता उतरवला, त्यामुळे वीस जणांचा घोडा एकाच घरचा. मी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत गेले. तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. मोबाईल स्लो मोशनवर ठेवून दोन दिवस फक्त पाय शूट केले. बाबा सोबत होते, त्यांना वाटलं पोरगी घोडा घेते की काय.

साध्या चालीत चार पाय चार वेगवेगळ्या वेळी पडतात. दुडक्या चालीत तिरके दोन-दोन एकदम. आणि तक्त्यात नसलेली तिसरी, रवाल: खाली पाय भराभर चालतात आणि पाठ सपाट राहते, वर बसलेल्याचा फेटासुद्धा हलत नाही. मी तीच काढली, सेकंदाला बारा चित्रं. सरांनी शेरा मारला, "घोड्याच्या अंगाला वर-खाली हालचाल नाही." त्यांना व्हिडिओ दाखवला. मार्क वाढले नाहीत.

मुयब्रिजने १८७८ मध्ये धावत्या घोड्याचे फोटो ओळीने काढले तेव्हा लोकांना कळलं की चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झाल्यावर, पसरल्यावर नाही. त्याआधी चित्रकार उलटं काढायचे. म्हणून माझ्या सरांवर माझा फारसा राग नाही.

चाळीसगाव

आमच्या गावात केकी मूस राहायचे. १९८९ साली गेले, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. सहसा घराबाहेर न पडणारा हा माणूस टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, उजेड साधून अख्खी दृश्यं उभी करायचा आणि फोटो काढायचा. शाळेची सहल त्यांच्या कलादालनात गेली होती. एका फोटोतला डोंगर, त्यातली वाट मला खरी वाटली होती. बाईंनी टेबल म्हटल्यावर फसवल्यासारखं वाटलं आणि मी परत रांगेत जाऊन पाहून आलो.

क्लासमध्ये मॅट पेंटिंग (मागचं लांबचं दृश्य रंगवून शॉटमध्ये बसवणं) आलं तेव्हा तेच आठवलं. लांबचा डोंगर लांब का वाटत नाही म्हणून मी तो लहान करत होतो. लहान करून होत नाही. लांबच्या वस्तूत काळा रंग काळा राहत नाही, हवा त्यात मिसळून तो राखाडी होतो. उन्हाळ्यात आमच्या घराच्या गच्चीवरून सातमाळ्याची रांग पाहिली असती तरी कळलं असतं. ब्लॅक थोडा उचलला आणि डोंगर चार कोस मागे गेला.

चोपडा

सगळे गोड लिहीत आहेत, मी कडू लिहितो. माझ्या क्लासने शंभर टक्के नोकरीचा बोर्ड लावला होता. नाव घेत नाही. बापाने कापसाच्या पैशातून फी भरली. नोकरी मिळाली हे खरं, पुण्यात, रोटोची. दिवसाला अमुक इतक्या फ्रेम, चुकल्या तर रात्री थांबा. हिरॉईनच्या मोकळ्या केसांचा एक शॉट मी अकरा वेळा परत केला. वरून शेरा यायचा, "एज चॅटर." म्हणजे कड थरथरतेय. बस, दोन शब्द.

मग २०२३. मे महिन्यात हॉलिवूडच्या लेखकांनी संप केला, जुलैत नटांनी. मला वाटलं, त्यांचं ते बघतील. तिकडे शूटिंग थांबलं की आमच्याकडे प्लेट (शूट केलेलं मूळ फुटेज) येत नाहीत, हे गणित पुढच्या काही महिन्यांत समजलं. आधी पगार उशिरा, मग निम्मे लोक घरी. महाराष्ट्र एक्सप्रेसने जळगावला उतरलो तेव्हा पाठीवर संगणक आणि हातात गादी.

शिवाय न्यूकमध्ये २०२१ पासून कॉपीकॅट आहे. थोड्या फ्रेम तुम्ही करून द्यायच्या, बाकीच्या ते बघून करतं. नुसतं रोटो शिकून निघणाऱ्या पोरांनी हे डोक्यात ठेवावं. मी सध्या जळगावच्या दोन सराफांच्या जाहिराती करतो. सोन्यावरची चमक साफ करायची, पडलेली सावली सुधारायची. पैसे वेळेवर मिळतात. परत पुण्याला जाईन का, विचारू नका.

पारोळा (मुलाचा बाप)

मला यातलं काही कळत नाही. पोरगं मुंबईला हेच काम करतं. त्याचा पिक्चर लागला तेव्हा आम्ही सहा जण धुळ्याला पाहायला गेलो. संपल्यावर बसून राहिलो, नाव येईल म्हणून. पाट्या सरकत होत्या, झाडूवाला येऊन उभा राहिला, त्यालाही सांगितलं, थांब बाबा, पोराचं नाव येतंय. नाही आलं. फोन लावला तर म्हणतो, "आप्पा, कधी येतं, कधी नाही. हिरो छपरावरून उडी मारतो तिथे पाठीला तार होती, ती मी काढली." मी म्हटलं, तार तर आम्हाला कुठे दिसली नाही.

त्याची आई अजून शेजारणींना सांगते, तार काढणारा माझा पोरगा. त्यांना वाटतं तो वायरमन आहे.

यावल तालुका (पुन्हा)

चोपड्याच्या भावाचं पटलं. रोटोवरच पोट ठेवायचं नाही असं मीही ठरवलंय.

शॉर्ट फिल्म काल घरी दाखवली. बाई उचलली जाते तिथे कुणी काही बोललं नाही. वहिनीने मात्र मोबाईल हातात घेऊन थांबवून थांबवून बांगड्या मोजल्या. म्हणाली, उजव्या हातात सात होत्या, मध्ये एकदम सहा दिसतात. बरोबर आहे तिचं. फ्रेम ८७ ते ९०. आज जेवण झालं की बसतो.