मदत हवी आहे: क्लासिक ३५० चढवून काम करायला लाकडी ओटा. मापं, सांधे, रॅम्प

पडवीकर

नमस्कार मंडळी. पडवीत मोटरसायकल चढवून काम करता येईल असा लाकडी ओटा करायचा आहे. ऑइल बदलणं, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक, दोन्ही चाकं काढणं, एवढीच कामं. इंजिन उतरवायचं नाही. गाड्या दोन: क्लासिक ३५० (नवीन इंजिनवाली) आणि स्प्लेंडर.

जागा कोकणातली, चिपळूणकडची. पडवी १८ फूट लांब, ७ फूट रुंद. एका टोकाला जांभ्याची भिंत, दुसऱ्या टोकाला अंगणात उघडणारं दार. उंबरठा नाही. खाली शहाबादी फरशी, तिच्याखाली जांभ्याचा भराव. जुन्या घराचे ऐनाचे सात वासे पडून आहेत, प्रत्येकी ९ फूट, चौरस करून ३ बाय ४ इंच भरतात. प्लाय विकत घेणार. एक ओळखीचा ठेकेदार वापरलेलं शटरिंग प्लाय (स्लॅब ओतताना साच्याला लावतात ते) फुकट देतोय, तेही डोक्यात आहे.

प्रश्न असे:
१. उंची किती ठेवावी? गॅरेजमध्ये असते तशी ३० इंच करावी का?
२. वजन पेलण्यासाठी वासे पुरतील का?
३. रॅम्प किती लांब?
४. ओटा जमिनीला रावल बोल्टने (भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या) जखडावा का?

लोखंडी हायड्रॉलिक लिफ्ट घ्या असं कृपया सांगू नका, वासे वापरायचेच आहेत.

गुण्या

वजनाची काळजी सोडा. क्लासिक ३५० तेल-पेट्रोलसह १९५ किलो भरते, ऐनाच्या वाशांना ते काहीच नाही. असा ओटा मोडतो तो आडव्या हिसक्याने. गाडी चढताना पुढचा ब्रेक दाबलात, चाकाचा घट्ट नट सोडवायला लांब पान्यावर जोर दिलात, की चारही पाय एका बाजूला झुकतात, सांधा उघडतो आणि मग वजन आपलं काम करतं. म्हणून लाकूड जाड करण्यापेक्षा तिरपे आधार आणि बोल्ट यांच्यावर डोकं लावा.

उंची १६ इंच ठेवा. १२ इंची स्टूलवर बसलात की इंजिन छातीसमोर येतं. ३० इंचावर उभं राहून काम छान होतं, पण चढवायचं कसं? ८ फुटी रॅम्पवरून १६ इंच चढायला साधारण ३२ किलोचा जोर लागतो, ३० इंच चढायला ६१ किलोचा, आणि टायरचा विरोध वेगळा. स्प्लेंडर ११२ किलोची आहे, ती १६ इंचावर १९ किलोत चढेल. शिवाय ३० इंचावर पुढचं चाक पोचतं तेव्हा हँडल तुमच्या डोक्याच्या वर असतं. तिथून गाडी कलली तर सावरता येत नाही.

ओट्याची लांबी ७ फूट, रुंदी २४ इंच. रुंदी वाढवायचा मोह टाळा. ३० इंच केली की इंजिनपर्यंत पोचायला प्रत्येक वेळी वाकावं लागतं.

शटरिंग प्लाय फुकट मिळालं तरी नको. वापरून झालेल्या प्लायचे थर कडेने सुटू लागलेले असतात, त्यात सिमेंट बसलेलं असतं आणि करवतीची धार एका कापात जाते. वरचा गुळगुळीत थर शाबूत असेल तर आणखी वाईट, त्यावर तेलाचा थेंब पडला की टायर घसरतो. आयएस ७१० चा (मरीन प्लायचा) ठसा असलेलं १८ मिमीचं एक ८ बाय ४ शीट घ्या. वखारीतच लांबीत मधोमध कापून घ्या. एक पट्टा ओट्यावर, दुसरा रॅम्पवर. ओट्याच्या पट्ट्यातून १ बाय २ फुटांचा तुकडा उरेल, तो टाकू नका, सांगतो.

पडवीकर

धन्यवाद गुण्याभाऊ. वाशांचा हिशोब बसेल का तेवढं सांगा. आणि पाय किती, चार की सहा?

गुण्या

सहा. दोन्ही टोकांना एकेक जोडी आणि तिसरी जोडी बरोबर मेन स्टँडखाली. स्टँडची जागा कागदावर ठरवू नका. गाडी फरशीवर स्टँडला लावा, पुढच्या टायरच्या टोकापासून स्टँडच्या पायापर्यंतचं अंतर टेपने घ्या.

वाशांची दोन्ही टोकं आधी सहा-सहा इंच कापून टाका. भिंतीत गेलेला भाग आतून कुजलेला असतो, वरून कळत नाही. ८ फूट उरतील. मग लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, रंध्याचं पातं वाचेल. हातोडीने ठोकून बघा: खणखणीत आवाज आला तर वासा चांगला, बद आला तर आत पोकळी आहे.

दोन वासे उभे चिरून २ बाय ४ काढा, हे लांब बाजूचे दांडे, प्रत्येकी ७ फूट. चिरताना पाऊण इंचाची पट्टी सुटेल, ती तिरप्या आधारांना. एका वाशातून सहा पाय, प्रत्येकी सव्वापंधरा इंच. वर प्लायचे पाऊण इंच मिळून १६ होतात. एक वासा मधोमध चिरून ३ बाय २ चे दोन करा, त्यातून २० इंचांचे आठ आडवे दांडे निघतात. ते तीन इंची बाजू उभी ठेवून बसवायचे. उरले तीन, ते रॅम्पला. हिशोब अगदी काठावर आहे. एक वासा सडका निघाला तर वखारीतून पाऊण घनफूट आणावं लागेल.

सांधा महत्त्वाचा. पायाच्या डोक्याला बाहेरच्या बाजूने ४ इंच उंच आणि २ इंच खोल खाच घ्या. दांडा त्या खाचेच्या खांद्यावर बसला पाहिजे, बोल्टने फक्त धरून ठेवायचं. दांडा नुसता बोल्टवर टांगलात तर वर्षभरात भोक लांबट होतं आणि ओटा करकरायला लागतो. प्रत्येक सांध्याला १० मिमीचे, १२५ मिमी लांब दोन कॅरेज बोल्ट, म्हणजे बारा. नटाखाली मोठा वायसर. दोन भोकं एकाच उभ्या रेषेत घेऊ नका, ऐन तिथून चिरतो. ऐनात आधी भोक पाडल्याशिवाय खिळा किंवा स्क्रू मारायचाच नाही. आठ नंबरच्या स्क्रूला ३ मिमीचं भोक.

आडवे दांडे साधारण बारा-बारा इंचांवर. त्यांना टेकायला लांब दांड्यांच्या आतून दीड इंची पट्टी फेविकॉल आणि स्क्रूने मारा. फेविकॉल मरीन घ्या, साधं पावसाळ्यात सुटतं. आता तो उरलेला तुकडा: जिथे स्टँडचे पाय येतात तिथे आडव्या दांड्यांमध्ये नीट बसेल असा कापून प्लायला खालून चिकटवा. स्टँडचा पाय लहान आणि वजन मोठं, १८ मिमीत तो हळूहळू खड्डा पाडतो.

तिरपे आधार सगळीकडे: लांब बाजूला प्रत्येक दोन पायांमध्ये, आणि रुंदीच्या दिशेने तीनही जोड्यांना कैची (एकमेकांना छेदणारे दोन तिरपे आधार). ही शेवटची कैची लोक टाळतात, कारण खाली सामान ठेवायला जागा उरत नाही. टाळू नका.

एक्सलनट

गुण्यांच्या मापांशी सहमत. एकच भर: मागच्या चाकासाठी झडप ठेवा. क्लासिकचं मागचं मडगार्ड खाली उतरतं. मेन स्टँडवर चाक जमिनीपासून थोडंच सुटतं, बाहेर काढायला जागा पुरत नाही, मग लोक गाडी तिरपी करतात. ओट्यावर तिरपी करायची सोय नाही. मागच्या टायरखाली २४ बाय ८ इंचांची खिडकी घ्या. तिथले दोन आडवे दांडे गाळून त्यांच्या जागी दोन छोटे उभे दांडे लांबीच्या दिशेने लावा. ओट्याच्या टोकाचा शेवटचा आडवा दांडा मात्र तसाच ठेवा, रॅम्प त्यावरच येतो. झाकण दुहेरी प्लायचं करा. चढताना मागचं चाक त्यावरूनच जाणार.

पुढचं चाक अडवायला दांड्यांचे उरलेले दोन फूटभर तुकडे इंग्रजी व्हीसारखे बसवा, टायर त्यात रुतला पाहिजे. पण नुसत्या खोबणीवर विसंबू नका. २५ मिमी रुंद दोन रॅचेट पट्टे लागतात. ते हँडलच्या टोकांना नाही, फोर्कच्या खालच्या टीला (दोन्ही नळ्या जोडणाऱ्या खालच्या पट्टीला) बांधा. फोर्क अर्धा दबेल इतपतच आवळा. पूर्ण दाबून रात्रभर ठेवलं तर ऑइल सीलवर ताण येतो. ओट्यावरच्या कड्या आरपार बोल्टच्या, लाकडी स्क्रूच्या नकोत, स्क्रू सरळ ओढीत निघून येतो.

आणखी एक, जे हमखास विसरलं जातं. गाडी मेन स्टँडवर असताना पुढे ओढ बसली की स्टँड मिटतो. स्टँडपासून पुढच्या चाकापर्यंत एक पट्टा कायम बांधा. पुढचं चाक काढायचं असेल तेव्हा हा पट्टा स्टँडपासून फ्रेमच्या पुढच्या नळीला घ्या, आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावा, नाहीतर गाडी नाकावर येते.

पडवीकर

झडपेचं सुचलंच नव्हतं. आता रॅम्प आणि रावल बोल्ट?

गुण्या

रावल बोल्ट नको. शहाबादी जेमतेम इंचभर जाड, खाली जांभा. बोल्ट फुगून धरतो तो कडक काँक्रीटमध्ये. जांभा भुसभुशीत असतो, दोन-चार हिसक्यांत भोक मोठं होतं, आणि फरशी फुटते ती वेगळीच. त्यापेक्षा तुमची भिंत वापरा. ओटा भिंतीपासून २ फूट लांब ठेवा आणि मध्ये जमिनीलगत दोन दांडे टेकवा. चढवतानाचा सगळा जोर भिंतीत जातो, आणि पुढच्या चाकापाशी बसायलाही जागा राहते. हिशोब: २ अधिक ७ अधिक ८, म्हणजे १७ फूट. दारापाशी एक फूट उरतो, गाडी अंगणातून सरळ रेषेत येते. पडवी रुंदीला ७ फूट, तेव्हा दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट मिळतात.

रॅम्पला २ बाय ४ चे तीन दांडे, चार इंची बाजू उभी. त्यातला एक बरोबर मधोमध, कारण टायर मधूनच जातो. मध्यावर सुटा टेकू द्या. वरच्या टोकाला ५० मिमीचा लोखंडी अँगल लावून तो ओट्याच्या कडेवर अडकवा आणि १२ मिमीच्या दोन पिना घाला. नुसता टेकवून ठेवलेला रॅम्प मागचं चाक वर जाताना मागे सरकतो. सर्वाधिक गाड्या इथेच पडतात.

पोट घासेल का हा पुढचा प्रश्न असणार. या ढाळावर कडा दोन चाकांच्या मधोमध आली की जेमतेम ५८ मिमी वर येते. क्लासिकखाली १७० मिमी जागा आहे.

कातळवाट

रॅम्पवर अर्ध्या इंचाच्या आडव्या पट्ट्या मारल्या तर घसरणार नाही ना?

एक्सलनट

पट्टीवर चाक अडखळतं आणि जोर दुप्पट लावावा लागतो. ओल्या ऑइल पेंटवर चाळलेली बारीक वाळू भुरभुरा, वाळल्यावर सुटी वाळू झाडून दुसरा हात द्या. टायरची वाट आणि तुमची पायवाट, दोन्हीवर.

चढवताना दोघं लागतात. एक हँडलपाशी डाव्या बाजूने, दुसरा मागून. इंजिन बंद, पहिला गिअर, क्लच दाबलेला. थांबायचं झालं की क्लच सोडा, गाडी जागीच राहते. इंजिन चालू करून चढवू नका, क्लच एकदम सुटला तर गाडी भिंतीत जाईल. डाव्या बाजूला ८ इंच उंचीची एक पायरी ठेवा, गाडी वर पोचेपर्यंत तुम्हालाही चढायचं असतं.

उतरवणं जास्त धोक्याचं. गाडी उलटी उतरते, वजन मागच्या चाकावर जातं, पुढचं चाक हलकं होतं. अशा वेळी पुढचा ब्रेक दाबला तर चाक जाम होऊन घसरतं. पुन्हा पहिला गिअर, इंजिन बंद, आणि वेग क्लचनेच सांभाळायचा.

पडवीकर

समजलं. पॉलिश काय करू? आणि ओट्याखाली दारं लावून कपाट करावं म्हणतोय.

एक्सलनट

कपाट नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली जाऊन साठते. बंद कप्प्यात तर हमखास. एक्स्टेंशन बोर्डही खाली ठेवू नका, भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर लावा. स्प्लेंडरचा कार्बोरेटर उघडायच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद करा. ड्राय पावडरचा अग्निशामक दाराशी ठेवा, ओट्यापाशी नाही; आग ओट्यावरच लागणार आहे.

शेगडा (बेंच व्हाइस) या ओट्याला बसवू नका. त्यावर ठोकाठोक केली की गाडी हलते. तो वेगळ्या टेबलावर.

गुण्या

लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल, दोन हात, मध्ये दोन दिवस वाळू द्या. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटते. उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. ओट्याच्या प्लायवर कशालाही फार दिवस टिकवायची अपेक्षा ठेवू नका: क्लासिकमधलं डॉट ४ ब्रेक ऑइल सांडलं की रंग फुगून सुटतो. वर नायट्राइल रबराची चटई टाका. साधं रबर पेट्रोलने फुगतं.

पायांखाली पाव इंच जाड रबराचे तुकडे ठेवा. धुतलेल्या फरशीचं पाणी पायाच्या टोकातून वर चढतं, आणि वाळवीही तिथूनच येते. त्या टोकांना तेल तीनदा पाजा.

राहता राहिलं, वासे जुने असले तरी पडवीत पावसाळाभर ओल धरतील. बोल्ट आत्ता आवळलेत तरी डिसेंबरात लाकूड आटतं, तेव्हा बाराही नट पुन्हा आवळून घ्या आणि मगच क्लासिक चढवा. तोवर स्प्लेंडरवर काम चालू द्या.