लाइव्ह कंट्री संगीतासाठी एकच गिटार घ्यायची तर टेलीकास्टरच!

सहातारी
अमेरिकेतल्या नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या शहरात, लोअर ब्रॉडवे रस्त्यावर बारमधले बँड सलग चार-चार तास वाजवतात आणि त्यांची बरीचशी कमाई टिप्सवर चालते. मध्येच गिटार बिघडली तर खोलून बसायला उसंत नसते. असं वाजवायचं असेल तर टेलीकास्टर (फेंडरची भरीव अंगाची इलेक्ट्रिक गिटार, थोडक्यात टेली) घ्या, दुसरीकडे बघूही नका.

कारण सांगतो. ब्रिजजवळचा, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथला पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) तिरका बसवलेला असतो आणि तोही धातूच्या पत्र्यात. आवाज कडक, टणटणीत येतो. कंट्री बँडमध्ये फिडल, पेडल स्टील (पायटे दाबून स्वर सरकवायचं आडवं तारवाद्य), अकूस्टिक गिटार आणि गाणारा, सगळ्यांची मधल्या पट्टीतच दाटी होते. त्या दाटीतही टेलीचा स्वर न् स्वर कानावर येतो. शिवाय व्हॉल्यूमचं बटण करंगळीच्या टप्प्यात. ते बंद ठेवून तार छेडायची आणि करंगळीने हळूच उघडायचं: आघात ऐकूच येत नाही, स्वर पेडल स्टीलसारखा तरंगत वर येतो. गाणं चालू असताना हे इतक्या सहज दुसऱ्या कुठल्या गिटारवर जमतं?

पोकळखोका
साफ असहमत. तुम्ही कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डच्या टेलीवाल्या कडक कंट्रीलाच अख्खं कंट्री समजताय. नॅशव्हिलचे थोर गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्स विसरलात का? 1950 च्या दशकाच्या मध्यात त्यांच्या नावाने निघालेली ग्रेच 6120 ही पोकळ अंगाची गिटार. सुरुवातीच्या काही गिटारींवर तर गुरांना डागतात तसं 'जी' अक्षर उमटवलेलं होतं, म्हणजे बनवणाऱ्यांनाही ती कुणासाठी बनवतोय ते पक्कं ठाऊक होतं. अंगठ्याने खर्जाच्या तारा आलटून पालटून छेडायच्या आणि बोटांनी वर गाणं वाजवायचं, या शैलीला जो गोल, भरलेला खर्ज लागतो तो टेलीच्या ब्रिज पिकअपमधून येत नाही. वेस्टर्न स्विंगही पोकळ गिटारींवरच वाढलं. आणि टेलीचे पिकअप आजूबाजूच्या विजेची गूं-गूं पकडतात, तिचं काय? बारमध्ये चहूकडे निऑनच्या पाट्या, दिव्यांना डिमर. दोन गाण्यांच्या मधे गुणगुण ऐकून डोकं उठतं.

सहातारी
अ‍ॅटकिन्स थोरच, वाद नाही. पण नॅशव्हिलच्या स्टुडिओत व्हायोलिनं आणि कोरस घालून कंट्री गुळगुळीत होत होतं, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डच्या बारमधून त्याला उत्तर मिळालं ते टेलीवर. बेकर्सफील्डचे गायक बक ओवेन्स आणि त्यांचे गिटारवादक डॉन रिच यांनी 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवलं, तोवर तो आवाज बारपुरता उरला नव्हता.

आता रोजच्या कामाचं बोलू. बिग्सबी (तारा सैल-ताठ करून स्वर थरथरवणारा दांडा) लावलेल्या ग्रेचची तार भर कार्यक्रमात तुटली की ती तार त्या दांड्याच्या खिळीत अडकवून, तिथेच धरून ताणायची. टेलीत तार मागून ओवली, खुंटीला गुंडाळली, झालं. गिटारची मान चार स्क्रूंवर, आणि खुंट्यांचं डोकं सरळ. मागे कललेल्या डोक्याच्या गिटारी पडल्या की मानेशी तुटतात, हे दुरुस्ती करणाऱ्या कुणालाही विचारा.

मिक्सरताई
मी साउंड करते, वाजवत नाही, म्हणून वेगळं दिसतं. लहान जागेत टोन पूर्ण उघडा, अ‍ॅम्प (गिटारचा स्पीकर) थेट पहिल्या टेबलाकडे रोखलेला, मग माणसं कानावर हात ठेवतात. मी तो आवाज मिक्सरवर कमी करू शकत नाही, कारण तो माझ्याकडे येतच नाही, सरळ अ‍ॅम्पमधून लोकांवर जातो. अ‍ॅम्प तिरका करा किंवा तुमच्याच डोक्याकडे वळवा, एवढं तरी ऐका.

दुसरं, हल्लीच्या रेडिओवरच्या कंट्रीत जाड, डिस्टॉर्शनची गिटार असते. तिथे हंबकरच (गूं-गूं मारणारा दुहेरी वेटोळ्यांचा पिकअप) लागतो. नॅशव्हिलच्या स्टुडिओंत वाजवणाऱ्या ब्रेंट मेसनची 1968 ची टेली बघा: मानेपाशी छोटा हंबकर, मध्ये तिसरा पिकअप. इतकी गाणी वाजवणाऱ्या माणसालाही कारखान्यातून आलेली टेली पुरली नाही.

बोटांवरचं
सगळे लाकडावर आणि तारांवर भांडताय, हातांवर कुणीच बोलत नाही. चिकन पिकिंग म्हणजे पिक आणि मधलं बोट एकत्र. एक स्वर दाबून मारायचा, पुढचा बोटाने तार उपटून मोकळा सोडायचा. हे जमलं तर कुठल्याही गिटारवर कंट्री वाजतं, नाही जमलं तर टेलीही वाचवत नाही. नव्याने शिकणाऱ्याने पैसे आधी शिकवणीवर घालावेत.

सहातारी
हात हवेतच. पण तो उपटलेला स्वर टेलीवर जसा फटकन सुटतो तसा हंबकरवर सुटत नाही, तिथे कडा बोथट होते. आणि मेसनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, ताई. एवढे बदल करूनही ब्रिजला त्यांनी टेलीच्याच धाटणीचा पिकअप ठेवला. हवं तर मानेपाशी हंबकर बसवा, गूं-गूं नको असेल तर दोन्ही पिकअप एकत्र वाजवा, बऱ्याच नव्या टेलींमध्ये त्या जोडीत ती दबते. ब्रिजचा पिकअप मात्र आहे तसा राहू द्या.

पोकळखोका
जोडीत वाजवलं की तो टणटणीतपणाच जातो, ज्याच्यासाठी टेली घ्यायला सांगताय! अंगठ्याने वाजवणाऱ्याला मी अजूनही ग्रेचच सुचवेन; तारांचा एक जादा सेट जवळ ठेवा आणि पहिल्या गाण्याआधी नव्या तारा नीट ताणून घ्या.